तीन वर्षांच्या अनुदानावर कम्युनिटी पोलीस नेमावेत का? चौथ्या वर्षाची सोय कशी करावी?

मिशिगनकर

नमस्कार. मी मिशिगन राज्यातील सुमारे 30 हजार वस्तीच्या एका लहान शहरात गेली 19 वर्षे राहतो आहे. आमच्या सिटी कौन्सिलने अर्थसंकल्पावर सल्ला देण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमली असून तिच्यावर यंदा माझीही नियुक्ती झाली आहे. समितीपुढे आलेला पहिलाच मोठा विषय पोलीस खात्याचा आहे. फेडरल न्याय खात्याच्या कॉप्स कार्यालयाकडे पोलीस भरतीच्या अनुदानासाठी अर्ज करावा, त्यातून दोन नवे अधिकारी घ्यावेत आणि त्या दोघांकडे केवळ कम्युनिटी पोलिसिंगचे, म्हणजे वस्तीत मिसळून लोकांशी ओळख ठेवण्याचे काम सोपवावे, असा प्रस्ताव आहे. पैसे बाहेरून येणार असल्यामुळे समितीतील बहुतेकांना यात विचार करण्यासारखे काही वाटत नाही. मला मात्र वाटते, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील अपार्टमेंटच्या वस्तीसाठी असाच एक अधिकारी एका अनुदानातून नेमला होता. तो मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी वस्तीतल्या लाँड्रोमॅटमध्ये येऊन ड्रायरसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत असे. कपडे वाळेपर्यंत कोणालाच तिथून हलता येत नाही, त्यामुळे जे लोक एरवी पोलिसाशी एक शब्द बोलले नसते, तेही त्याच्याशी बोलू लागले. जिन्यातला दिवा कधीपासून बंद आहे, कोणाच्या गाडीच्या काचा फुटल्या, कोणता मुलगा शाळा बुडवून मागच्या पार्किंगमध्ये बसतो, हे सगळे त्याला ठाऊक असे. माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती, तेव्हा एकदा फिरायला गेली असताना तिची वाट चुकली. सगळ्या इमारती एकसारख्या आणि तिला इंग्रजी येत नाही. त्या अधिकाऱ्याने पत्ता न विचारता तिला थेट आमच्या दारात आणून सोडले, कारण साडीवर शाल घेतलेल्या या आजी कोणत्या दारातून बाहेर पडतात हे त्याने कधीतरी पाहून ठेवले होते.

अनुदानाची मुदत संपली आणि तो पुन्हा रात्रपाळीच्या गाडीवर गेला. वस्तीला कोणी काही सांगितले नाही. त्याचे कार्ड लाँड्रोमॅटच्या भिंतीवर आजही चिकटवलेले आहे. त्यावरील नंबरला फोन केला की दुसऱ्याच कोणाच्या आवाजातला निरोप ऐकू येतो. लोकांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि सोडून दिले. आता तिथे काही घडले तरी कोणी सांगायला पुढे येत नाही, आणि माझ्या मते ही स्थिती तो अधिकारी येण्यापूर्वी होती त्याहून वाईट आहे.

म्हणून विचारतो. ज्या कामाचा सगळा आधार ओळखीवर आणि विश्वासावर आहे, ते मुदतीच्या पैशावर उभे करणे मुळातच चूक आहे का? आणि अनुदान घ्यायचेच असेल, तर चौथ्या वर्षाची तरतूद आधीपासून कशी बांधून घ्यावी? नगरपालिकांचे हिशेब पाहिलेल्या किंवा पोलीस खात्यात काम केलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताळेबंद

मी ओहायोतील एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काम करतो आणि या अनुदानाचे अर्ज व अहवाल मी स्वतः हाताळले आहेत, म्हणून आधी पैशाबद्दल लिहितो.

1994 च्या गुन्हेगारीविषयक कायद्यातून कॉप्स कार्यालय उभे राहिले. देशभरात एक लाख पोलीस वाढवायचे आणि ते कम्युनिटी पोलिसिंगच्या कामाला लावायचे, असे त्यावेळी जाहीर झाले होते आणि त्यासाठी सहा वर्षांत 8.8 अब्ज डॉलरची तरतूद होती. पगाराचा 75 टक्के भाग तीन वर्षे फेडरल सरकारने द्यायचा आणि 25 टक्के शहराने, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. 50 हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी 1995 मध्ये वेगळा आणि सुटसुटीत अर्ज होता, तोही याच कारणाने की लहान गावांकडे अर्ज भरायला माणूस नसतो. 2009 च्या मंदीत शहराच्या वाट्याची अट काढून पूर्ण पगार देण्यात आला, तेव्हा 7 हजारांहून अधिक अर्ज आले, मागणी 8.3 अब्ज डॉलरच्या घरात गेली आणि हाती होते फक्त 1 अब्ज. 1,046 ठिकाणी मिळून 4,699 पदे मंजूर झाली. अर्ज केला की मिळेलच, असे आपल्या समितीने गृहीत धरू नये.

मुख्य मुद्दा त्या 75 टक्क्यांचा आहे. तो आकडा सर्वांच्या तोंडी असतो, पण प्रत्येक पदामागे तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 1 लाख 25 हजार डॉलर, अशी मर्यादा गेल्या दशकात घातलेली आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. समजा, तुमच्याकडे नवख्या अधिकाऱ्याचा पगार, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता मिळून वर्षाला 98 हजार डॉलर होतात. तीन वर्षांचे 2 लाख 94 हजार झाले. यातले अनुदान 1 लाख 25 हजार, म्हणजे 43 टक्क्यांच्या आत, आणि उरलेले 1 लाख 69 हजार शहराचे. दोन अधिकारी घेतले तर तीन वर्षांत शहराच्या खिशातून 3 लाख 38 हजार जाणार आहेत. एवढे करून गणवेश, गाडी, रेडिओ, जादा वेळेचा भत्ता यांपैकी काहीही त्यात येत नाही. भरतीचे अनुदान प्रारंभिक वेतनश्रेणीच्या पगारापुरते आणि त्यावरील लाभांपुरते असते. साहित्यासाठी बर्न जॅग नावाचे वेगळे अनुदान आहे, त्याचा अर्ज वेगळा आणि नियमही वेगळे.

चौथे वर्ष अटीतच लिहिलेले आहे. तीन वर्षांचा निधी संपल्यावर किमान 12 महिने ते पद शहराने स्वतःच्या पैशातून ठेवले पाहिजे. शिवाय ही पदे शहराने आधी मंजूर केलेल्या पदांवर वाढीव असली पाहिजेत. एखादा जुना अधिकारी निवृत्त झाला, त्याची जागा रिकामी ठेवली आणि अनुदानातल्या माणसाला तिथे सरकवले, तर ते चालत नाही. पहिल्या वर्षी सगळे याची काळजी घेतात, पण ज्यांनी अर्ज केला ते चौथ्या वर्षी खुर्चीवर नसतात, आणि मग नव्या माणसाला वाटते की दोन निवृत्त होणार आहेतच, आपोआप भरून निघेल. तपासणीत नेमके हेच सापडते आणि पैसे परत करण्याची वेळ येते.

माझा सल्ला असा की अर्ज मंजूर करण्याच्या ठरावातच चौथ्या वर्षाचा आकडा लिहून घ्यावा. वर दिलेल्या हिशेबाने दोन अधिकाऱ्यांचे 1 लाख 96 हजार होतात, त्यात पगारवाढ धरावी. पहिल्या वर्षापासून दरवर्षी त्याचा तिसरा हिस्सा वेगळ्या राखीव खात्यात टाकावा. ज्या कौन्सिलला पहिल्या वर्षी 65 हजार बाजूला काढणे जमत नाही, तिला चौथ्या वर्षी 1 लाख 96 हजार कसे जमणार? मिशिगनमध्ये तर मालमत्ता कराच्या वाढीवर राज्यघटनेचीच मर्यादा आहे, त्यामुळे पुढे उत्पन्न वाढेल तेव्हा पाहू, असे म्हणण्याला तुमच्याकडे फार वाव नाही.

मिशिगनकर

ताळेबंद, मनापासून आभार. आमच्यापुढे ठेवलेल्या टिपणात 75 टक्के एवढेच लिहिलेले आहे, मर्यादेचा उल्लेख नाही. तुमच्या पद्धतीने आमच्या शहराचे आकडे मांडून पाहतो.

जुने मिशिगन

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच राज्यात एकदा मिळालेले आहे, म्हणून लिहितो. मी 1978 मध्ये नोकरीसाठी फ्लिंटला आलो. पुढच्याच जानेवारीत तिथे पायी गस्तीचा मोठा प्रयोग सुरू झाला. त्याचे पैसे मॉट फाउंडेशनने दिले होते. ही संस्था फ्लिंटचीच, आणि अनुदान होते 26 लाख डॉलरचे. शहरातील 14 वस्त्या निवडून तिथे 22 अधिकारी पायी फिरण्यासाठी नेमण्यात आले. त्यापूर्वी वस्त्यावस्त्यांतून नागरिकांच्या बैठका झाल्या होत्या आणि लोकांना काय हवे ते विचारूनच आराखडा तयार झाला होता, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या भागातील अधिकारी सकाळी शाळा भरताना चौकात उभा असे आणि दुपारी म्हाताऱ्या माणसांच्या दारावर थाप मारून विचारपूस करी. माझे शेजारी कारखान्यात दुसऱ्या पाळीला असत. घरी बायकोमुले एकटी असतात याची त्यांना फार धास्ती असे. ती धास्ती त्या एका माणसामुळे गेली, असे ते आम्हाला कितीतरी वेळा म्हणाले.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट ट्रोयानोविच यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. तीन वर्षांत त्या वस्त्यांतील गुन्हे 8.7 टक्क्यांनी घटले आणि पोलिसांना मदतीसाठी येणारे फोन सुमारे 42 टक्क्यांनी कमी झाले. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा इतका मोठा का, तर पूर्वी ज्या भांडणासाठी लोक फोन करून गाडी बोलावत, ते आता समोर दिसणाऱ्या ओळखीच्या पोलिसालाच सांगून मिटू लागले होते.

अनुदान संपत आले तेव्हा, 1982 च्या ऑगस्टमध्ये, मालमत्ता करात वाढ करून ही गस्त सगळ्या शहरात न्यावी का, यावर मतदान झाले. मला तेव्हा मताचा अधिकार नव्हता. मोटारींच्या कारखान्यांत कामगार कपात चालू होती, आमच्या रस्त्यावर दर चार-पाच घरांमागे एक माणूस घरी बसलेला होता, त्यामुळे असल्या दिवसांत कर वाढवायला कोण हो म्हणणार, असे मला वाटत होते. लोकांनी हो म्हटले. 1985 मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हाही म्हटले. माझे शेजारी त्यावेळी कामावरून कमी झालेले होते, तरीही त्यांनी करवाढीच्या बाजूने मत दिले.

पुढे कारखाने बंद पडत गेले, शहराच्या तिजोरीत काही उरले नाही आणि ती गस्तही राहिली नाही. म्हणून फ्लिंटचे उदाहरण मी यशाचा दाखला म्हणून देत नाही. पण मुदतीच्या पैशावर असे काम उभे करणे मुळातच चूक आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. तुमच्या लाँड्रोमॅटमधल्या अधिकाऱ्याला ठेवायचे की नाही, हे त्या वस्तीला कोणी विचारलेच नाही. फ्लिंटमध्ये विचारले होते. तीन वर्षांचे अनुदान म्हणजे लोकांपुढे ती गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवण्याची मुदत आहे, असे समजून काम केले तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांच्याकडे कर मागण्याचे तोंड राहते.

निवृत्त फौजदार

मी महाराष्ट्र पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून भरती झालो आणि नोकरीचा मोठा काळ ठाणे जिल्ह्यात काढला. अमेरिकेतील अनुदानांबद्दल मला सांगण्यासारखे काही नाही, पण भिवंडीत जे झाले ते जवळून पाहिले आहे आणि ते या प्रश्नाला लागू पडते असे वाटते.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे साहेब तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे त्यांत होती. पुढाऱ्यांना मुद्दाम दूर ठेवले होते. प्रत्येक कमिटीशी ठाण्यातील माणसे कायमची जोडून दिलेली होती. मी अशा बैठकांना बसलो आहे. सतरंजी अंथरलेली, चहा कोणातरी घरून आलेला आणि विषय नळाच्या पाण्याचा, गटाराचा, नाहीतर मागाच्या भाड्याचा. दंगलीचे नावही निघत नसे. त्यावेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता. 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली, आणि भिवंडी शांत राहिली. अफवा आली की लोक आधी आपल्या कमिटीतल्या हवालदाराकडे जात आणि हे खरे का, असे विचारत. पाण्याच्या आणि गटाराच्या गप्पांतून ती सवय लागली होती, हे मला त्या दिवसांत कळले.

यासाठी वेगळा निधी नव्हता, नवे पद नव्हते. म्हणजे पैसा लागत नाही, असे मला म्हणायचे नाही. तुमच्याकडे माणसे मोजकी असतील तर नवीन पद लागेलच. परंतु भिवंडीत ते काम ठाण्यातल्या सगळ्यांचे होते, आणि तुमच्या लाँड्रोमॅटमध्ये ते एकट्याचे होते. तो गेला तेव्हा त्याच्या जागी उभा राहायला कोणी नव्हता, कारण त्याला काय ठाऊक आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हते. मी स्वतः एका ठाण्यात बीटवरचा अतिशय चांगला हवालदार बदलीने जाताना पाहिला आहे. बारा वर्षांची माहिती त्याच्या डोक्यात होती आणि नव्या माणसाच्या हाती त्याने दिली ती फक्त मोटारसायकलची किल्ली. त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी आठ दिवस एकत्र फिरायला सांगितलेच नाही. ते सांगणे माझे काम होते आणि मी ते केले नाही, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून माझी सूचना अशी की त्या दोन अधिकाऱ्यांना खात्यापासून वेगळे काढू नये. गाडीवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला महिन्यातून एखादा दिवस त्यांच्याबरोबर वस्तीत बसवावे आणि कोणाची बदली करायची झाल्यास महिनाभर आधी नव्या माणसाची लोकांशी गाठ घालून द्यावी. याला डॉलर फार लागत नाहीत, फक्त पोलीस प्रमुखाने ते मनावर घ्यावे लागते.

व्हर्जिनियावासी

फौजदार साहेबांच्या मुद्द्याला जोडून एवढेच लिहितो की अधिकारी वस्तीत बसून काय करणार, हेही अर्जाच्या वेळी ठरलेले असावे. मी न्यूपोर्ट न्यूज या शहराजवळ राहतो. तिथे 1980 च्या दशकात राष्ट्रीय न्याय संस्थेच्या पैशातून एक प्रयोग झाला आणि 1987 मध्ये त्याचा अहवाल निघाला. न्यू ब्रायरफील्ड नावाची एक जुनी वस्ती होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदी कामगारांसाठी घाईने बांधलेली. घरफोड्या तिथे सर्वांत जास्त. पोलिसांनी गस्त वाढवण्याऐवजी घरोघरी जाऊन प्रश्न विचारले, तेव्हा कळले की दारे-खिडक्या इतक्या कुजल्या आहेत की कुलूप लावून उपयोग नाही, आणि रिकाम्या पडलेल्या घरांत चोरांना आसरा मिळतो. मग शहराच्या इतर विभागांना बोलावून डागडुजी आणि साफसफाई करून घेतली, रहिवाशांची संघटना झाली आणि घरफोड्या सुमारे 35 टक्क्यांनी घटल्या. पुढे लोकांना दुसरीकडे हलवून ती वस्ती पाडण्याचेच ठरले.

तुमच्या अधिकाऱ्याला जिन्यातला बंद दिवा माहीत होता, असे तुम्ही लिहिले आहे. तो दिवा लागला का? वस्तीतील माणूस माहिती आणतो, पण घरमालकाला नोटीस काढणारा इमारत निरीक्षक वेगळ्या खात्यात असतो. त्या दोघांची दर आठवड्याला बैठक व्हावी, अशी अट तुमच्या समितीने घातली तर अनुदान मिळो वा न मिळो, ती उपयोगी पडेल.

मिशिगनकर

सर्वांचे आभार. दिवा लागला नव्हता. व्हर्जिनियावासींचा प्रश्न वाचल्यावर काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिले, तो आजही लागत नाही.

ताळेबंद यांच्या पद्धतीने आमचे आकडे मांडले, तेव्हा अनुदानाचा खरा वाटा 41 टक्के निघाला. येत्या गुरुवारी समितीची बैठक आहे. मी अनुदानाला विरोध करणार नाही. एकाच अधिकाऱ्यासाठी अर्ज करावा, दुसऱ्याच्या वाट्याला जाणारे शहराचे पैसे पहिल्या वर्षापासून राखीव खात्यात टाकावेत आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर अपार्टमेंटच्या वस्तीत जाहीर सभा घेऊन हे पद स्वतःच्या करातून ठेवायचे का, हे लोकांना विचारावे, असे मांडणार आहे. भाड्याने राहणारी माणसे मालमत्ता कराच्या चर्चेला सहसा येत नाहीत, म्हणून सभा सिटी हॉलमध्ये न घेता तिथेच घ्यावी, असा माझा आग्रह राहील. गाडीवरच्या अधिकाऱ्यांनी आळीपाळीने बरोबर बसण्याची फौजदार साहेबांची सूचना मी जशीच्या तशी घेतो आहे. ती मान्य झाली तर तिचे श्रेय भिवंडीला आहे, हे बैठकीत सांगेन.

त्या भिंतीवरील कार्डाचा फोटो काढून ठेवला आहे. हा नंबर आज कोणाच्या टेबलावर वाजतो, हे पोलीस प्रमुखांना सर्वांत आधी विचारणार आहे.

ताळेबंद, ठरावाचा मसुदा बुधवारपर्यंत तयार होईल. राखीव खात्याच्या कलमावरून एकदा नजर फिरवाल का?

ताळेबंद

अवश्य. मसुदा पाठवा, आणि त्याच्याबरोबर तुमच्या शहराचा मागील तीन वर्षांचा पोलीस खात्याचा अर्थसंकल्पही पाठवा. मंजूर पदे किती होती आणि त्यांतली भरलेली किती, हे पाहिल्याशिवाय ते कलम नीट लिहिता येणार नाही.